तळं काय पळून जातंय?

उन्हाळ्याच्या सुटीत मध्यमवर्गीय माणसाने कुठे जावे, याचे संकेत आपल्याकडे ठरलेले आहेत. महाबळेश्वर, माथेरान, फार तर कोकणातले आजोळ. मे महिन्यात कुणी विदर्भात जात नाही. त्यामुळे स्टाफरूममध्ये चहा घेताना, "यंदा आम्ही मोटारीने चंद्रपूरला निघालो आहोत," असे मी म्हणालो, तेव्हा भूगोलाच्या प्राध्यापकांनी कप खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे पारा चढणाऱ्या गावी, ऐन मे महिन्यात, आपल्या पैशाने जाणारा माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नसावा.

पण यात माझा दोष नव्हता. ताडोबाचा वाघ पाहायचा तर तो उन्हाळ्यातच. पानझडीचे जंगल त्या दिवसांत उघडे पडते, नाले आटतात, उरलेल्या थोड्या पाणवठ्यांवर जनावरांना यावेच लागते. जे जंगलाच्या तहानेचे दिवस तेच आपल्या करमणुकीचे. हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. तेव्हा मनात एवढेच होते की निनाद यंदा दहावीत जाणार, पुढची दोन-तीन वर्षे घरात सुटी असा शब्दही उच्चारता यायचा नाही, तेव्हा जायचे ते आत्ताच.

आमच्या मंडळींत पाच माणसे. मी, सौ., निनाद, धाकटी मुक्ता आणि आई. खरे तर आईला नेण्याचा माझा विचार नव्हता. तिचे वय बहात्तर, गुडघे त्याहून थोरले. पण ताडोबाचे नाव कानावर पडताच ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "मी येणार."

"आई, तिथे ऊन किती असतं!"

"मला सांगतोस होय रे? माझा जन्म वरोऱ्याचा."

हे मात्र मी विसरलोच होतो. आई लग्न होऊन पुण्याला आली त्याला आता पन्नास वर्षे होतील. या पन्नास वर्षांत तिची बोली पुण्याची झाली, वरणाची फोडणी पुण्याची झाली, आणि चांदा जिल्ह्यातली एक मुलगी आमच्या घरात राहते आहे याचा आम्हा सर्वांना विसर पडला. चंद्रपूरला ती अजून 'चांदा' म्हणते. आजोबा वरोऱ्याला शाळामास्तर होते. आई दहा वर्षांची असताना, म्हणजे १९६३च्या सुमारास, एका पौषात ते तिला रेंगीत बसवून ताडोबाच्या जत्रेला घेऊन गेले होते. दोन दिवसांचा बैलांचा प्रवास. थंडी, शेकोटी, आणि उजाडल्यावर समोर एकदम ते तळे. "एवढं शांत पाणी मी पुन्हा पाहिलं नाही," असे ती म्हणाली. "ते एकदा बघायचंय. वाघबीघ तुम्ही बघा."

माझ्या या हकिकतीचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. ते मी तेव्हा नीट ऐकले नाही.

*

पुण्याहून निघालो. अहिल्यानगर मागे टाकून छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. एकूण सातशे एक किलोमीटर लांबीचा हा रस्ता मोठा गुळगुळीत. पण इतक्या सरळ रस्त्याने प्रवासातली गंमत जाते. गाव लागत नाही, पार लागत नाही, चहाची टपरी लागत नाही. मुक्ताने दर अर्ध्या तासाने "आलं का?" असे विचारले, आणि दर अर्ध्या तासाने आईने खिडकीबाहेर बघत, "कपाशीचं रान बघ कसं काळंभोर आहे," असे तिला सांगितले. वर्ध्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या बाजूने वरोऱ्यात शिरलो, तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते आणि गाडीचा दरवाजा हाताला चटका देत होता.

आजोबांचे भाड्याचे घर जिथे होते तिथे आता मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. आई क्षणभर उभी राहिली आणि "चला" म्हणाली. आनंदवनात मात्र ती तासभर रमली. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर कुष्ठरोग्यांना घेऊन हा संसार मांडला, तो आई जन्मायच्या आधी. "लहानपणी आम्हाला इकडे फिरकू देत नसत," ती म्हणाली, "आणि आता लोक मुद्दाम बघायला येतात." तिथल्या झाडांच्या सावलीत पारा निदान पाच अंशांनी उतरला असावा असे वाटले. मग भद्रावतीवरून मोहर्लीचा रस्ता धरला.

मोहर्ली हे ताडोबाचे एक दार. कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी ही आणखी काही दारे. १९३५ साली इथे शिकार बंद झाली आणि १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. एकशे सोळा चौरस किलोमीटरांचे. पुढे १९८६ साली शेजारच्या अंधारी नदीच्या खोऱ्यात अभयारण्य झाले, आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. गाभ्याचे जंगल आता सव्वासहाशे चौरस किलोमीटरांच्या आसपास भरते. एवढ्या रानात वाघाची आणि माणसाची गाठ पडणे म्हणजे खरे तर योगायोग. पण २०१२ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे गाभ्याच्या फार तर वीस टक्के भागातच पर्यटकांना नेता येते. त्याआधी त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही महिने बंदच ठेवले होते. नियम जंगलाच्या भल्याचा आहे. पण जे काही दिसायचे ते ठरावीक रस्त्यांवरच दिसणार, आणि जिथे दिसेल तिथे सगळ्यांनी धावायचे, हे ओघानेच आले.

आमच्या मुक्कामाच्या जागी गर्दी अशी, की दादरच्या फलाटाची आठवण व्हावी. पुणे, मुंबई, नाशिक, हैदराबाद, सगळीकडच्या गाड्या. जेवणाच्या पंगतीत ओळख ना पाळख, पण जो तो एकच प्रश्न विचारी : "दिसला?"

मी मराठीचा मास्तर. व्याकरणाचा किडा सुटत नाही. या वाक्यात कर्ता अध्याहृत आहे. 'काय दिसले' हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. रानकुत्र्यांचा कळप दिसला, अस्वल दिसले, सांबराच्या पाठीवर बसलेला कोतवाल दिसला, तरी उत्तर एकच : "नाही हो, अजून काही नाही." ज्यांना दिसलेला असे ते वाघाचे नाव घेऊन बोलत. 'मटकासुर', 'छोटी तारा'. 'माया' नावाची वाघीण तर सिनेनटीसारखी प्रसिद्ध. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसेनाशी झाली तेव्हा लोकांनी घरचे माणूस गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली. निनादला ही सगळी वंशावळ पाठ. शिवाजी महाराजांच्या नातवंडांची नावे विचारा, आमचा कुलदीपक तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

*

आमची फेरी दुपारची होती. तिचे आरक्षण मी फेब्रुवारीत करून ठेवले होते. एकच फेरी मिळाली होती, दुसरी मिळाली नव्हती. फाटकावर मोबाईल जमा करावे लागले. एका उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक, एक मार्गदर्शक. आमच्या गाडीला आली ती तिशीतली एक बाई. खाकी कपडे, डोक्याला रुमाल, पायात बूट. मोहर्लीच्या बाजूला बऱ्याच स्त्रिया आता हे काम करतात. तिने आईला हाताला धरून वर चढवले, पुढच्या बाजूची जागा दिली आणि म्हणाली, "आजी, आता मधात कुठं उतरता येत नाही जी. काही लागलं तर मला सांगाल."

'मधात' हा शब्द ऐकला आणि आईचा चेहरा उजळला. पन्नास वर्षांनी तिला कुणी घरच्या भाषेत बोलले होते. दोघींचे लगेच जमले.

खातोडा ओलांडून ताडोबाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना साग, ऐन, बिजा. पाने गळून गेलेली. मधूनच कांडोळाचे पांढरेफटक झाड, चांदण्यात बघितले तर भुताची भीती वाटावी असे. बांबूची वाळकी बेटे. जमिनीवर पानांचा खच, आणि त्यावरून चितळ चालले तरी पापड मोडल्यासारखा आवाज. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतराने जुने दगडी खांब उभे होते. "हे गोंड राजांचे," आई मुलांना सांगू लागली. "यांच्यावरून दोर नेलेला असे म्हणतात. एका टोकाला ओढला की घंटा वाजायची, आणि राजाची स्वारी येतेय हे पुढच्यांना कळायचं." मार्गदर्शक बाई हसून म्हणाली, "आजी, मग मी कशाला आली?"

मग आईने तिला विचारले, "मोहाचा हंगाम संपला असेल ना? आता पानं सुरू असतील."

"हो जी. आई जाते माझी. पहाटे अंधारातच निघतात बाया."

तेंदूची पाने. सत्तर पानांचा एक पुडा. विड्यांसाठी ती मे महिन्यातच तोडावी लागतात, आणि त्या पंधरावीस दिवसांच्या कमाईवर पावसाळ्याची बेगमी होते. पाने तोडताना बाई वाकलेली असते, आणि वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मे २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. २० नोव्हेंबर २०२१ रोजी खुद्द ताडोबात, वाघांच्या गणनेसाठी पायी खुणा शोधणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या तावडीत सापडली. हे मी वर्तमानपत्रांत वाचले होते. पण आमच्यासमोर बसलेल्या बाईची आई त्या दिवशी पहाटे रानात गेली होती, आणि ही बाई दुपारी आम्हाला वाघ दाखवायला निघाली होती. "भीती नाही का वाटत?" सौ.ने विचारले. ती म्हणाली, "वाटते ना जी. पण पाच-दहा जणी मिळून जातात, आवाज करतात. तुम्ही वाघ पाहाले पैसे देता, आमची आई वाघ दिसू नये म्हणून देवाले नारळ देते."

*

तळे तिथून आता फार दूर नव्हते. आई पदर सावरून बसली होती. तिने मुक्ताला तारूची गोष्ट सांगायला घेतली. तारू हा गोंडांचा एक गावप्रमुख; वाघाशी झुंजताना मेला. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे. लोक त्याला देव मानतात, पौषात जत्रा भरते, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडले. ज्या जंगलात आपण वाघ बघायला येतो, ते वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने ओळखले जाते.

इतक्यात समोरून एक जिप्सी धूळ उडवत आली. दोन्ही चालकांची हलक्या आवाजात बोलणी झाली. आमच्या चालकाने मान वळवली. "सर, तेलियाच्या अंगाला एका पाणवठ्याजवळ वाघीण बसली आहे. जायचं? मग तळं होणार नाही. टाइम पुरत नाही."

निनाद उभाच राहिला. सौ. माझ्याकडे बघू लागली. मी आईकडे वळलो. "आई, तळं काय पळून जातंय? परत येताना बघू."

परत येताना वेळ नसणार हे चालकाने मला स्पष्ट सांगितले होते. ते मला समजले होते. तरीही मी तसे बोललो.

आई म्हणाली, "जा. पोरांना बघू दे."

पाणवठ्यापाशी पोचलो तेव्हा आधीच रांग लागली होती. मी गाड्या मोजल्या : एकवीस. म्हणजे सव्वाशे माणसे. इतका श्रोतृवर्ग माझ्या एमएच्या तासाला पंचवीस वर्षांत मिळालेला नाही. तोफेच्या नळीएवढ्या भिंगांचे कॅमेरे एकाच झुडपाकडे रोखलेले. कुणी उभे, कुणी बाकावर चढलेले. एक गृहस्थ वेफर खात होते, त्याचा आवाज सगळ्यांना येत होता आणि सगळे त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. मागच्या गाडीत एक लहान मूल पाणी मागत रडत होते आणि त्याची आई त्याचे तोंड दाबत होती. झुडपात दोन कान हलत होते. ते वाघिणीचे.

तासभर तो खेळ चालला. ऊन अंगावरून वाहत होते. शेवटी ती उठली. बांबूंतून बाहेर आली, आळस दिला आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागली. रस्त्यापलीकडे पाणी होते. सव्वाशे माणसांचा श्वास एकदम अडकल्याचे ऐकू आले. सुंदर होते ते जनावर, यात शंका नाही. त्या क्षणी पुढची गाडी जरा सरकली आणि तिने आमची नजर अडवली.

इथे मला एक गोष्ट आठवते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती. ती चित्रफीत सर्वत्र फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. मीही ती चित्रफीत पाहिली होती. 'लोकांना काही संस्कृती म्हणून नाही,' असे मी तेव्हा वर्गात बोललो होतो, आणि त्यावर पाच मिनिटे विवेचनही केले होते.

तोच मी जिप्सीत उभा राहिलो, चालकाच्या खांद्यावर थापटी मारली आणि म्हणालो, "अहो, घ्या ना जरा पुढे! मुलांना दिसत नाहीये."

चालकाने गाडी हातभर पुढे घेतली. मागच्याने घेतली, त्याच्या मागच्यानेही घेतली. "नको जी, मागे घे!" असे मार्गदर्शक बाई ओरडली तोवर रस्त्यावर फट उरली नव्हती. वाघीण थांबली. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग होता, असे लिहिण्याचा मोह होतो. पण मला तो दिसला नाही. गर्दीची बस बघून मागे फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी ती वळली आणि आली तशी बांबूंत निघून गेली.

"पाण्यावर येत होती," बाई म्हणाली. ती कुणाला उद्देशून बोलली नाही. पण मी खाली बसलो.

साडेसहाला फाटकाबाहेर पडायचे होते. परतीच्या वाटेवर निनाद म्हणाला, "बाबा, तोंड नीट दिसलंच नाही. पाठ दिसली." आई डोळे मिटून बसली होती. मला वाटले, झोपली असेल. पण ताडोबाच्या फाट्याजवळून गाडी गेली, तेव्हा तिने डोळे उघडून तिकडे पाहिले आणि हात जोडले.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी फाटकावरच्या खिडकीपाशी उभा होतो. गाभ्यातली एकही जागा शिल्लक नव्हती. एखादे कुटुंब आले नाही तर, म्हणून दोन तास थांबलो. सगळी कुटुंबे आली. त्यातल्या एकाला मी विनवलेही, की माझ्या आईला तेवढे तळ्यापर्यंत न्या. ते म्हणाले, "आम्ही सहाच्या सहा आहोत हो. आणि तळ्यावर काय आहे? मगरी!"

परत आलो तो आई मुक्कामाच्या जागी नव्हती. शोधत गेलो. गावाच्या कडेला एका मोहाच्या झाडाखाली पाने घेऊन परतलेल्या बाया पुडे बांधत बसल्या होत्या आणि त्यांच्यात आई. कालची मार्गदर्शक बाई तिच्या आईला मदत करत होती. आईच्या मांडीवर पानांची चळत होती, तिचे बांधणे काही जमत नव्हते आणि बाया हसत होत्या. मी जवळ गेलो तशी ती गप्प झाली.

"आई, नाही मिळाली जागा."

"कळलं मला."

"चुकलं माझं."

तिने एक पूर्ण पुडा बांधला, तो सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांनी मला वाघ दाखवला नव्हता रे. लोकांनी विचारलं, मास्तर, पोरीला एवढं लांब आणून काय दाखवलंत? ते म्हणाले, पाणी दाखवलं."

या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. पुण्याला येईपर्यंत नाही आणि नंतरही नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

आकडे समाधानाचे आहेत. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ उरले होते; २०२२ च्या गणनेचा सरासरी अंदाज ३६८२ आहे, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. यात आपल्या तिकिटांच्या पैशांचाही वाटा आहे, आणि बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा ज्या गावांनी आपले उंबरे सोडून वाघाला जागा करून दिली त्यांचा तर त्याहून मोठा. आपण जाऊच नये असे मी म्हणणार नाही; कालच्या बाईचे घर आपण गेल्यावर चालते. पण आपण सगळे मिळून एका झुडपाकडे बघतो, तेव्हा आपल्या शेजारी कोण बसले आहे आणि समोरच्याला कुठे जायचे आहे, या दोन गोष्टी आपल्याला दिसत नाहीत. माझे तसेच झाले.

पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद असतो. ऑक्टोबरला दारे उघडली तशी मी पौषातली एक सकाळ राखून ठेवली आहे. थंडीत गर्दी थोडी कमी, तळे भरलेले. आईच्या गुडघ्यांचा भरवसा देता येत नाही. डॉक्टर 'बघू' म्हणतात. आरक्षणाचा कागद मी तिच्या हातात दिला तेव्हा तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, देवघरात समईखाली ठेवला आणि मला बजावले :

"वाटेत कुणी काही दिसलं म्हणालं, तर या खेपेला गाडी वळवायची नाही."